आंजेलो मोस्सो व थकव्याचा हिशेब

वार्षिक क्रीडासमारंभांत लांब पल्ल्याची शर्यत पाहण्यास आम्ही मैदानाच्या कडेस उभे राहतों, तेव्हां एक देखावा बहुधा दरवर्षीं आमच्या दृष्टीस पडतो. पहिल्या फेरींत हरणासारखा सर्वांच्या पुढें गेलेला एखादा मुलगा तिसऱ्या फेरींत मागें पडूं लागतो. त्याचे पाय शिशाचे झाल्यासारखे जड होतात, छाती लोहाराच्या भात्याप्रमाणें हालूं लागते, आणि विजयस्तंभ समोर दिसत असतांहि पाऊल पुढें पडत नाहीं. सोबती हांका मारून त्यास धीर देतात. त्याची स्वतःची इच्छाहि कमी झालेली नसते. तरी पाय ऐकत नाहींत. अशा वेळीं प्रेक्षकांपैकीं कोणी म्हणतो कीं मुलानें सकाळीं पोटभर खाल्लें नसेल. कोणी म्हणतो कीं त्याच्या अंगीं जिद्दच नाहीं. पण खरें कारण काय, हें विचारण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं.

दहा मिनिटांपूर्वीं जे स्नायु जोमानें काम करीत होते, त्यांस इतक्या अल्पावकाशांत काय होतें? आणि काय होतें तें पायांत होतें, रक्तांत होतें कीं मेंदूंत होतें? हा प्रश्न मनुष्यजातीइतकाच जुना आहे. परंतु केवळ तर्क लढवून त्याचें उत्तर न देतां, मनुष्याच्या शरीरांतील थकव्याचें काळजीपूर्वक मोजमाप करून तें शोधण्यास ज्यांनीं प्रारंभ केला, त्यांत इटली देशांतील आंजेलो मोस्सो ह्यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सारखेंच बोधप्रद वाटेल, अशा समजुतीनें तें येथें थोडक्यांत देत आहों.

आंजेलोचा जन्म इ. स. १८४६ च्या मे महिन्यांत उत्तर इटलींतील ट्यूरिन शहरीं झाला. त्याचे वडील सुतारकाम करीत व आई शिवणकाम करून संसारास हातभार लावी. घरची गरिबी होती. आंजेलोचें बाळपण ट्यूरिनपासून थोड्याच अंतरावर असलेल्या किएरी ह्या लहानशा गांवीं गेलें. तेथें वडिलांच्या कारखान्यांत त्यासहि रंधा, करवत आणि पटाशी हातांत धरावी लागे. दिवसभर रंधा मारल्यावर संध्याकाळीं हात कसे भरून येतात, हें ह्या मुलानें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं आपल्या वडिलांच्या दंडांवरून व स्वतःच्या तळहातांवरून जाणलें असलें पाहिजे. पुढें मोठेपणीं त्यानें जीं अनेक यंत्रें कल्पून सिद्ध केलीं, त्यांचें मूळहि ह्या सुताराच्या कारखान्यांतच असावें, असें आम्हांस वाटतें.

आंजेलोस विद्येची गोडी लागली, पण विद्येला पैसा लागतो. तेव्हां स्वतः शिकत असतांनाच त्यानें सृष्टिविज्ञान शिकविण्याचें काम पतकरलें, आणि त्या मिळकतीच्या आधारावर ट्यूरिनच्या विश्वविद्यालयांत वैद्यकाचा अभ्यास चालविला. तेथें याकोब मोलेशॉट हे शरीरव्यापारशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. त्यांची दृष्टि ह्या होतकरू विद्यार्थ्याकडे वळली. इ. स. १८७० मध्यें मोस्सो पदवीधर झाले. नंतर कांहीं काळ त्यांनीं सैन्यांत वैद्य म्हणून नोकरी केली. कूच करून आलेलीं पलटणें आणि दमून रस्त्याच्या कडेस बसलेले शिपाई पाहण्याचा प्रसंग अशा नोकरींत वारंवार येतो. थकलेल्या माणसाविषयींची जी आस्था त्यांच्या ग्रंथांत पानोपानीं दिसते, तींत ह्या दिवसांचाहि वांटा असावा.

सैन्यांतून मोकळे झाल्यावर मोस्सो फ्लॉरेन्स येथें मॉरित्स शिफ ह्यांच्याजवळ शिकले व तेथून जर्मनींतील लाइपझिग शहरीं गेले. तेथें कार्ल लुडविग ह्यांची प्रयोगशाळा म्हणजे त्या काळीं साऱ्या जगांतील तरुण शरीरशास्त्रज्ञांची तीर्थभूमि होती. शरीरांत चाललेला प्रत्येक व्यापार फिरत्या नळकांड्यावरील काजळी धरलेल्या कागदावर रेषेच्या रूपानें उमटवून घ्यावा व मग त्या रेषेवरून त्याचा अभ्यास करावा, ही लुडविग ह्यांची पद्धति होती. त्याच प्रयोगशाळेंत ह्यूगो क्रोनेकर ह्यांनीं बेडकाच्या स्नायूंस विजेचे लहान धक्के देऊन ते कसकसे थकत जातात, ह्याच्या रेषा काढल्या होत्या. पुढें पॅरिस येथें क्लॉद बर्नार व मारे ह्यांसारख्या थोर पंडितांचें कार्यहि मोस्सो ह्यांनीं जवळून पाहिलें. ह्या प्रवासांतून ते मायदेशीं परतले, तेव्हां एक गोष्ट त्यांच्या मनांत पक्की ठसली होती. ती ही कीं, जें मोजतां येत नाहीं असें लोकांस वाटतें, तेंच मोजण्याचा यत्न शास्त्रज्ञानें केला पाहिजे.

इ. स. १८७९ मध्यें मोलेशॉट ह्यांच्या जागीं ट्यूरिन विश्वविद्यालयांत शरीरव्यापारशास्त्राचे मुख्य अध्यापक म्हणून मोस्सो ह्यांची नेमणूक झाली. आपल्या हयातीचीं बहुतेक वर्षें त्यांनीं ह्याच शहरीं घालविलीं. त्यांच्या कल्पकतेचा एक मासला आमच्या बालवाचकांस मौजेचा वाटेल. त्यांनीं मनुष्य उताणा निजेल एवढी एक लांकडी फळी तराजूच्या दांडीप्रमाणें मधोमध तोलून धरली. तिच्यावर माणसास निजवून दोन्ही बाजू समतोल केल्या, आणि मग त्यास विचार करावयास लावलें किंवा एकाएकीं दचकविलें, तर फळी डोक्याच्या बाजूस झुकते, असें त्यांस आढळलें. मेंदु काम करूं लागला म्हणजे त्याकडे अधिक रक्त जातें, असा निष्कर्ष त्यांनीं ह्यावरून काढला. आज मेंदूंतील रक्ताच्या हालचालींचीं चित्रें घेणारीं मोठीं यंत्रें रुग्णालयांत बसविलेलीं असतात. त्यांच्या मुळाशीं असलेली कल्पना ह्या साध्या फळीच्याच जातीची आहे. इ. स. १८८४ मध्यें त्यांनीं भीतीविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. भीतीनें मनुष्य पांढराफटक कां पडतो व थरथर कां कांपतो, ह्याचें विवेचन त्यांनीं सामान्य वाचकांस समजेल अशा भाषेंत केलें, आणि तो ग्रंथ फार लोकप्रिय झाला.

भीतीनंतर त्यांनीं थकव्याकडे लक्ष वळविलें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून वसंत ऋतूंत लावे पक्षी इटलींत येतात. ते पाहण्यासाठीं मोस्सो रोमजवळच्या पालो ह्या समुद्रकांठच्या ठिकाणीं गेले होते. हे पक्षी किनाऱ्यास पोंचतात तेव्हां कित्येक इतके गलितगात्र झालेले असतात कीं, समोरचें झाड किंवा भिंत चुकविण्याचेंहि भान त्यांस राहत नाहीं. ते त्यांवर आपटून मरतात. वास्तविक दमले ते पंख. मग डोळ्यांस व बुद्धीस असा अंधार कां यावा? शरीराच्या एका भागाचा थकवा दुसऱ्या भागास कसा पोंचतो? ह्या प्रश्नानें मोस्सो ह्यांच्या संशोधनास दिशा दिली.

थकवा मोजण्यासाठीं त्यांनीं जें यंत्र सिद्ध केलें त्यास अर्गोग्राफ, म्हणजे श्रम लिहून ठेवणारें यंत्र, असें नांव आहे. त्याची रचना अगदीं सोपी आहे. मेजावर हात उताणा ठेवून मनगट व कोपरापुढील भाग पट्ट्यांनीं घट्ट धरलेला असतो. मधल्या बोटाच्या दोन्ही बाजूंचीं बोटें धातूच्या नळ्यांत अडकविलेलीं असतात, म्हणजे त्यांस मदत करतां येत नाहीं. मधलें बोट मात्र मोकळें असतें. त्यांत एक कडें घालून त्याची दोरी कप्पीवरून खालीं सोडतात, आणि दोरीच्या टोंकास तीन किलोग्रॅमच्या सुमाराचें वजन टांगतात. ठेका धरणारें यंत्र दर दोन सेकंदांस एक ठोका देतें व त्या ठोक्यास बोट वांकवून वजन उचलावयाचें. प्रत्येक वेळीं तें किती उंच गेलें, हें एक अणकुचीदार काडी काजळीच्या कागदावर उभ्या रेषेनें लिहीत जाते. पहिल्या रेषा उंच असतात. मग त्या हळूहळू खुज्या होतात. आणि अखेरीस मनुष्यानें कितीहि मन घट्ट केलें तरी वजन तसूभरहि हालत नाहीं. शर्यतींतील आमच्या मुलाचीच कथा ही, परंतु येथें ती एका बोटानें लिहिलेली असते.

एका बोटाच्या ह्या लिखाणांतून मोस्सो ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुष्कळ ज्ञान मिळविलें. पहिली गोष्ट ही कीं, प्रत्येक मनुष्याची थकव्याची रेषा हस्ताक्षराप्रमाणें त्याची स्वतःची असते. एकाची शक्ति प्रारंभींच झपाट्यानें उतरते व मग तो थोडक्या बळावर बराच वेळ टिकाव धरतो. दुसऱ्याची रेषा बराच वेळ उंच राहते आणि मग एकाएकीं कोसळते. दोघेहि निरोगी, दोघेहि प्रामाणिक, पण त्यांची थकण्याची तऱ्हा निराळी. एकाच वर्गांतील मुलांस एकाच मापानें मोजून एकास चपळ व दुसऱ्यास मंद म्हणणाऱ्या आम्हां शिक्षकांस ह्यांत शिकण्यासारखें बरेंच आहे.

दुसरी गोष्ट ही कीं, बुद्धीच्या श्रमानेंहि हात थकतो. डॉक्टर माज्जोरा ह्या सहकाऱ्यास एके दिवशीं विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घ्यावयाच्या होत्या. परीक्षेपूर्वीं त्यांच्या बोटानें केलेलें काम व परीक्षा आटोपल्यावर केलेलें काम ह्यांची मोस्सो ह्यांनीं तुलना केली, तेव्हां दुसऱ्या वेळचें काम पुष्कळ कमी भरलें. तासन्‌ तास डोकें चालविलें होतें. बोटास कांहींच काम नव्हतें. तरी बोट दमलें. परीक्षा देणाराच थकतो, परीक्षक थकत नाहीं, असें समजणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग ध्यानांत ठेवावा!

तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत मोलाची. समजा, तीस वेळां वजन उचलल्यावर बोट पुरें थकतें. मग पूर्ववत्‌ काम करण्यास त्यास किती विश्रांति पाहिजे? माज्जोरा ह्यांस आढळलें कीं, त्यास दोन तास लागतात. आतां, तिसाऐवजीं पंधराच वेळां उचलून थांबलें तर? काम निम्में, म्हणून विश्रांतिहि निम्मी, म्हणजे एक तास लागेल, असें कोणीहि म्हणेल. परंतु प्रयोगांत अर्ध्या तासांतच बोट ताजेंतवानें झालें. काम निम्मेंच कमी केलें, आणि विश्रांतीची गरज एक चतुर्थांशावर आली! म्हणजे पहिल्या पंधरा वेळांस जी किंमत पडते, तिच्या कितीतरी पट अधिक किंमत पुढच्या पंधरा वेळांस मोजावी लागते. थकलेल्या स्नायूंकडून बळेंच घेतलेलें काम दिसावयास थोडें असतें, पण शरीरास तें फार महाग पडतें. अति तेथें माती, असें आमच्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत. मोस्सो ह्यांच्या प्रयोगशाळेंत त्याच म्हणीचें गणित मांडलें गेलें.

अन्न व झोंप ह्यांविषयींहि तेथें प्रयोग झाले. उपाशी मनुष्याची शक्ति कमी भरते, पण त्यास जेवूं घातलें म्हणजे ती लवकरच परत येते. रात्रभर जागरण केलेल्या मनुष्यास मात्र कितीहि जेवूं घातलें तरी झोंपेची तूट भरून निघत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं चहाच्या पेल्यांवर पहांट करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्याजवळ बसून तो चहा करून देणाऱ्या त्यांच्या माउल्यांनीं, ह्याचा अवश्य विचार करावा.

आतां लावे पक्ष्यांचा प्रश्न. एका भागाचा थकवा दुसऱ्या भागास कोण पोंचवितो? मोस्सो ह्यांनीं दमलेल्या कुत्र्याचें रक्त विश्रांति घेतलेल्या कुत्र्याच्या शरीरांत घातलें, तेव्हां त्या दुसऱ्या कुत्र्यास धाप लागली व त्याचें हृदय जोरानें उडूं लागलें; जणूं तोच धांवून आला होता. ह्यापूर्वीं जर्मनींत रांके ह्यांनीं थकलेल्या बेडकाचे स्नायु मिठाच्या पाण्यानें धुवून काढले असतां ते पुन्हां काम करूं लागतात, असें दाखविलें होतें. ह्या सर्वांवरून मोस्सो ह्यांनीं असें अनुमान केलें कीं, श्रम करतांना शरीरांत कांहीं द्रव्यें उत्पन्न होतात आणि तीं रक्तावाटे सर्वत्र पसरून मेंदूससुद्धां शिणवितात. चुलींत लांकूड जळतें तशी राख सांचते. ती वेळच्या वेळीं काढली नाहीं तर विस्तव मंदावतो, तसाच हा प्रकार त्यांस वाटला.

हें सारें ज्ञान त्यांनीं इ. स. १८९१ मध्यें थकव्यावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत एकत्र केलें. तो पुढें युरोपांतील इतर भाषांतहि गेला. त्या ग्रंथाचें वैशिष्ट्य हें कीं, तो केवळ प्रयोगांच्या रेषा दाखवून थांबत नाहीं. सिसिली बेटांतील गंधकाच्या खाणींत कोंवळ्या वयाचीं मुलें पाठीवर दगडांचीं ओझीं घेऊन अंधाऱ्या चढणीवरून वर येत. त्यांचीं वांकलेलीं शरीरें व खुंटलेली वाढ मोस्सो ह्यांस पाहवली नाहीं. अशा मुलांपैकीं फारच थोडीं पुढें सैन्यास योग्य ठरत, हें त्यांनीं आपल्या देशबांधवांच्या नजरेस आणून दिलें. यंत्रास थकवा नसतो. त्याच्यापुढें उभ्या असलेल्या मनुष्यास तो असतो, आणि यंत्राच्या वेगानें माणसास राबविलें तर मनुष्यजातीचा ऱ्हास होईल, असा इशारा त्यांनीं दिला. सुताराच्या मुलानें अध्यापकाच्या आसनावर बसूनहि कष्टकऱ्यांस विसरूं नये, हें आम्हांस त्यांच्या बुद्धीइतकेंच थोर वाटतें.

शाळांतील मुलांविषयींहि त्यांस तितकीच कळकळ होती. त्या काळीं इटलींतील शाळांत जर्मन धर्तीची, हुकुमाबरहुकूम चालणारी कवाईत व झुल्यादांड्यांवरची कसरत प्रचारांत होती. मोस्सो ह्यांचें म्हणणें असें कीं, मुलांस बंद दालनांतील कसरतींपेक्षां उघड्या मैदानावरील खेळ, धांवणें व चालणें हीं अधिक हितकर आहेत. ते स्वतः डोंगर चढण्याचे शोकी होते. मॉन्टे रोझा ह्या आल्प्स पर्वतांतील एका ४,५५४ मीटर उंचीच्या शिखरावर इ. स. १८९३ मध्यें इटलीच्या राणी मार्गेरिता ह्यांच्या नांवानें एक लांकडी आश्रयगृह उघडण्यांत आलें. पुढल्याच वर्षीं मोस्सो कांहीं शिपायांस व सहकाऱ्यांस घेऊन तेथें जाऊन राहिले, आणि विरळ हवेंत मनुष्याचा श्वास, नाडी व स्नायूंचें बळ कसें बदलतें, ह्याचें त्यांनीं टिपण केलें. पुढें इ. स. १९०७ मध्यें त्याच पर्वतावर, सुमारें २,९०० मीटर उंचीवर, त्यांच्या प्रयत्नानें एक कायमची संशोधनशाळा उभी राहिली.

थोर माणसांच्याहि चुका होतात, व त्या लपवून चरित्र लिहूं नये. उंच पर्वतावर जें आजारपण येतें, तें रक्तांतील कार्बनिक आम्ल वायु कमी झाल्यामुळें येतें, असें मोस्सो ह्यांचें मत होतें. फ्रान्समधील पॉल बेर ह्यांनीं त्यापूर्वींच प्राणवायूची उणीव हें त्याचें कारण सांगितलें होतें, आणि पुढें तेंच खरें ठरलें. तसेंच, थकव्याच्या द्रव्याविषयींच्या त्यांच्या अनुमानावर इतरांनीं भलतेच मनोरे रचले. जर्मनींत विचार्ट नांवाच्या वैद्यानें इ. स. १९०४ मध्यें थकव्याचें विष व त्यावरील लस सांपडल्याचें जाहीर केलें! ती लस टिकली असती तर कोणत्या विद्यार्थ्यानें ती टोंचून घेतली नसती? पण तसें विष कांहीं सिद्ध झालें नाहीं.

मग स्नायु खरोखर कां थकतात? इ. स. १९०७ मध्यें केंब्रिज येथें फ्लेचर व हॉप्किन्स ह्यांनीं दाखविलें कीं, प्राणवायु पुरेसा नसतांना काम करणाऱ्या स्नायूंत दुग्धाम्ल सांचतें व प्राणवायु मिळतांच तें नाहींसें होतें. हिल व मायरहॉफ ह्यांस स्नायूंच्या अभ्यासाबद्दल इ. स. १९२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून पुष्कळ वर्षें दुग्धाम्ल हाच थकव्याचा अपराधी मानला जाई. आज मात्र असें समजलें आहे कीं, त्या बिचाऱ्यावर बराच अन्याय झाला. त्यापासून बनणारें द्रव्य हृदय व इतर स्नायु इंधन म्हणून वापरतात. खऱ्या कारणांची सांखळी लांब आहे. जोराची धांव घेतांना स्नायूंतील सांठीव शक्तिद्रव्य कांहीं सेकंदांतच खर्च होऊं लागतें, आणि त्याच्या विघटनानें सुटलेलें फॉस्फेट स्नायूंच्या तंतूंची पकड ढिली करतें. तंतूंस आंखडण्याची आज्ञा पोंचविणारें कॅल्शियम पुरेसें सुटत नाहीं. पेशींतून पोटॅशियम बाहेर पडल्यानें विजेसारखी येणारी मज्जातंतूंची सूचना क्षीण होते. दीर्घकाळच्या श्रमांत स्नायूंतील साखरेचा सांठा संपत येतो आणि घामावाटे पाणी व क्षार जातात. ह्या सर्वांबरोबर मेंदु स्वतःच आपली आज्ञा सौम्य करतो. दुसऱ्या दिवशीं जे अंग दुखतें, तें दुग्धाम्लामुळें नव्हे, तर अनभ्यस्त श्रमानें स्नायूंच्या तंतूंस झालेल्या सूक्ष्म इजांमुळें. म्हणजे तपशील बदलला. परंतु थकवा केवळ हातापायांत नसून स्नायु व मेंदु दोहोंतहि असतो, हा मोस्सो ह्यांचा मूळ सिद्धांत कायम राहिला आहे.

ज्या पुरुषानें जन्मभर इतरांचा थकवा मोजला, त्याच्या स्वतःच्या शरीरानें अखेरीस त्यास दगा दिला. मोस्सो इ. स. १९०४ मध्यें इटलीच्या वरिष्ठ सभेचे सभासद झाले, आणि त्याच सुमारास त्यांस मज्जारज्जूचा असाध्य विकार जडला. चालणें कठीण होऊं लागलें. पर्वत चढणाऱ्या ह्या माणसास प्रयोगशाळेंतील कामहि झेपेना. परंतु ते हताश होऊन घरीं बसले नाहींत. मोकळ्या हवेंत व सावकाश करतां येईल असें दुसरें काम त्यांनीं पाहिलें. क्रीट बेटांत त्या वेळीं अतिप्राचीन राजवाड्यांचें उत्खनन चाललें होतें. मोस्सो तेथें गेले, फेस्टॉसच्या अवशेषांत रमले, आणि इ. स. १९०७ मध्यें त्यांनीं भूमध्य समुद्रांतील आपल्या ह्या प्रवासाविषयीं व उत्खननांविषयीं ग्रंथ लिहिला. साठीच्या वयांत, दुखण्यानें जर्जर असतां, एक नवी विद्या आरंभापासून शिकावयाची, ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. एक मार्ग शरीरानें बंद केला असतां त्यांनीं शरीराशीं भांडण केलें नाहीं. त्यास झेपेल तेवढेंच ओझें देऊन ते दुसऱ्या मार्गानें चालूं लागले. ता. २४ नोव्हेंबर १९१० रोजीं ट्यूरिन येथें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय चौसष्ट वर्षांचें होतें.

ह्या चरित्रापासून कोणता बोध घ्यावा? थकवा आला म्हणजे काम टाकून द्यावें, असा अर्थ कोणीं करूं नये. मोस्सो स्वतः अत्यंत उद्योगी होते, आणि नियमित अभ्यासानें स्नायूंची टिकाव धरण्याची शक्ति वाढते, हें शर्यतीच्या आधीं तीन महिने रोज पहांटे धांवणारा मुलगा जाणतोच. पण थकवा हा शत्रु नव्हे आणि आळसहि नव्हे. तो आमच्या देहाच्या दारावर उभा असलेला इमानी पहारेकरी आहे. त्याची पहिली हांक ऐकून जो थोडा वेळ थांबतो, त्यास अर्ध्या तासांत नवें बळ मिळतें. जो त्यास ढकलून पुढें जातो, त्याला दोन तास भरावे लागतात. सहा दिवस श्रम व सातव्या दिवशीं विश्रांति, हा जो नियम पवित्र शास्त्रानें घालून दिला आहे, त्यांत मनुष्याच्या दुर्बळ शरीराविषयीं केवढी दया भरलेली आहे, हें काजळीच्या कागदावरील त्या रेषा पाहिल्या म्हणजे आम्हांस नव्यानें उमगतें. आणि त्या नियमांत घरधन्याबरोबर चाकर व गुरेंढोरें ह्यांचीहि आठवण ठेवलेली आहे, हें विसरूं नये.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, शाळेंतून आलेलें मूल पाटी-दप्तर टाकून क्षणभर नुसतें बसून राहिलें, तर त्यास लगेच पुन्हां पुस्तकावर बसवूं नये. त्यास मैदानावर जाऊं द्यावें व रात्रीं पोटभर झोंपूं द्यावें. आणि जीं मुलें शाळेंत न येतां कोठें तरी ओझीं वाहत असतील, त्यांची आठवण आमच्या सुखी विद्यार्थ्यांनीं ठेवावी. पुढच्या वर्षीं शर्यतीच्या वेळीं तिसऱ्या फेरींत कोणी मागें पडला, तर आम्ही त्याच्या जिद्दीविषयीं शंका घेणार नाहीं. त्यास पाण्याचा पेला देऊन झाडाच्या सावलींत बसवूं, आणि तो सावरला म्हणजे त्यास किएरीच्या सुताराच्या मुलाची ही गोष्ट सांगूं.